प्याद्याचा बळी आणि घड्याळाचा कांटा

बुद्धिबळाच्या सामन्यांचा दिवस संपत आला म्हणजे सभागृहाचें रूप पालटतें. सकाळपासून कपाळाला हात लावून एकेका चालीवर पंधरा-पंधरा मिनिटें खर्चणारे खेळाडू आपापले डाव आटोपून उठतात. कोणी चहासाठीं बाहेर पडतो, कोणी हरलेल्या डावाचा पंचनामा करीत बसतो. तेवढ्यांत एका कोपऱ्यांत दोन तरुण घड्याळावर पांच-पांच मिनिटें लावून समोरासमोर बसतात आणि पाहतां पाहतां त्यांच्याभोंवतीं कोंडाळें जमतें. आतां सकाळची शांतता नाहीं. मोहरीं पटावर आपटल्याचा आवाज, घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज आणि मधूनच कोणाच्या तरी तोंडून निसटलेला एखादा ‘अरेरे!’ एवढेंच ऐकूं येतें. त्या दोघांपैकीं एक जण, सकाळच्या डावांत जें त्यानें स्वप्नांतहि केलें नसतें, तें आतां बेधडक करतो. दुसऱ्याच चालीला तो आपलें एक बिनजोर प्यादें प्रतिपक्ष्याच्या तोंडीं देतो. मागें उभा असलेला एखादा वयोवृद्ध खेळाडू मान हलवितो. तीन मिनिटांनीं त्याच तरुणाची मात बसते आणि कोंडाळें हंसतें. मान हलविणारा गृहस्थ मात्र अजूनहि मान हलवीतच असतो.

या दोघांत बरोबर कोण? डाव जिंकणारा तरुण, कीं ती चाल खोटी आहे असें मनोमन जाणणारा वृद्ध? या प्रश्नाचा निकाल वाटतो तितका सोपा नाहीं. आणि तो केवळ कोपऱ्यांतल्या त्या एका पटापुरताहि नाहीं. कृष्णाकांठच्या मुलखाला बुद्धिबळाचें कौतुक नवें नव्हे. सांगलीस १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन झालें, भाऊसाहेब पडसलगीकरांनीं त्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें, आणि तेथील सामन्यांनीं मुलांच्या कित्येक पिढ्यांना पटासमोर स्थिर बसण्याची शिस्त लाविली. आज मात्र सातारा-सांगलीकडील असो वा मुंबई-पुण्याकडील असो, सुशिक्षित घरांतील मूल दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर एका बैठकींत दहा-दहा झटपट डाव खेळून मोकळें होतें. त्या डावांतून त्याला कोणती संवय जडते, हें पाहणें आईबापांच्या दृष्टीनेंहि अगत्याचें आहे.

प्रारंभींच एखादें प्यादें, क्वचित् मोठें मोहरेंहि, जाणूनबुजून देऊन त्याच्या मोबदल्यांत आक्रमणाची संधि मिळविणें, या प्रकाराला पाश्चात्य खेळाडू ‘गॅम्बिट’ म्हणतात. स्पेनमधील रुय लोपेझ या धर्मोपदेशकानें १५६१ सालच्या आपल्या ग्रंथांत हा शब्द बुद्धिबळांत आणिला. त्याचें मूळ एका इटालियन शब्दांत असून कुस्तींत पायांत पाय घालून पाडणें असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडील तालमींत ज्याला टांग म्हणतात, तेंच हें! सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना याहून अधिक उलगडून सांगावयास नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें कांहीं केवळ शरीराच्या वजनावर नव्हे; चपळाई आणि नेमक्या क्षणीं टाकलेला डाव हेंच त्यांचें भांडवल होतें. ज्याला टांग मारावयाची त्याला स्वतः एका पायावर उभें राहावें लागतें. तो क्षण साधला तर प्रतिपक्षी आडवा, आणि हुकला तर स्वतःच आडवा. गॅम्बिटचें सगळें मर्म या एका पायावर उभें राहण्यांत आहे.

प्यादें दिल्यानें मिळतें काय? मिळतो तो वेळ. प्रतिपक्षी तें प्यादें मारण्यांत आणि मारलेलें राखण्यांत दोन-तीन चाली घालवितो. तेवढ्या अवकाशांत देणाऱ्याचे घोडे, उंट व वजीर मैदानांत येऊन उभे राहतात. तीन चालींचा लाभ म्हणजे एका प्याद्याची किंमत, असा एक जुना अडाखा आहे. परंतु हा झाला पटावरचा वेळ. झटपट खेळांत दुसराहि एक वेळ असतो, आणि तो घड्याळांत असतो.

पूर्वीं हा दुसरा वेळ मोजला जात नसे. १८६१ सालीं लंडनमध्यें अँडरसन आणि कोलिश यांचा सामना झाला, त्यांत वाळूचीं घड्याळें वापरलीं. आणि १८८३ सालच्या लंडनच्या स्पर्धेंत मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सन यानें योजिलेलें जोड-घड्याळ आलें. एक घड्याळ थांबलें कीं दुसरें चालूं व्हावें, ही त्यांतील युक्ति. तेव्हांपासून विचार हा फुकट मिळणारा पदार्थ उरला नाहीं. दोन तासांत चाळीस चाली करावयाच्या असतील तर एका चालीला सरासरी तीन मिनिटें मिळतात. पांच मिनिटांच्या डावांत तेवढ्याच चालींना प्रत्येकीं साडेसात सेकंद येतात. म्हणजे विचाराचा कालावधि चोवीस पटींनीं घटला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांप्रमाणें प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटें किंवा त्याहून कमी वेळ असलेला डाव ‘ब्लिट्झ’ या सदरांत मोडतो, आणि दहाहून अधिक पण साठाहून कमी मिनिटांचा ‘रॅपिड’ या सदरांत. अशा डावांत प्यादें देणारा आपल्या चाली घरून पाठ करून आलेला असतो. त्या करण्यास त्याला प्रत्येकीं एखादा सेकंद पुरतो. घेणाऱ्याला मात्र उत्तर तेथल्या तेथें शोधावें लागतें. प्यादें एकाचें गेलें, पण मिनिटें दुसऱ्याचीं गेलीं. जो सौदा तीन तासांच्या डावांत घाट्याचा, तो पांच मिनिटांत नफ्याचा ठरतो तो यामुळें.

याचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. ज्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं तो मांडून बसावें. पांढऱ्यानें वजिराचें प्यादें दोन घरें पुढें सरकविलें. काळ्यानें आपलें राजाचें प्यादें दोन घरें ढकलून थेट त्याच्या तोंडीं दिलें. या प्रारंभाला स्वीडनचा फ्रिट्झ एंग्लुंड (१८७१–१९३३) याचें नांव मिळालें आहे. पांढऱ्यानें प्यादें मारलें. काळ्यानें वजिराच्या बाजूचा घोडा काढून त्या पुढें आलेल्या प्याद्यावर रोख धरला. पांढऱ्यानें राजाच्या बाजूचा घोडा काढून प्याद्याला जोर दिला. काळ्यानें वजीर राजाच्या पुढच्या घरांत आणला. पांढऱ्यानें वजिराच्या बाजूचा उंट आपल्या चौथ्या ओळींत, राजाच्या उंटापुढच्या प्याद्याच्या रेषेंत, आणून त्याच प्याद्याला आणखी जोर दिला. येथवर पांढऱ्याचें सर्व शहाणपणाचें चाललें आहे असें वाटतें. आतां काळ्याचा वजीर तिरपा निघून, पांढऱ्याच्या वजिराकडील घोड्याचें जें प्यादें, त्याच्या समोर दोन घरांवर उभा राहतो. राजाला शह, उंटावर मारा आणि त्या घोड्याच्या प्याद्यावरहि मारा, अशीं तीन कामें तो एका चालींत करतो. पांढरा उंट मागें घेऊन शह झांकतो. वजीर तें प्यादें मारून कोपऱ्यांतल्या हत्तीवर तोंड करतो.

नेमक्या याच ठिकाणीं खड्डा खणलेला आहे. पांढऱ्याच्या मनांत पहिली चाल येते ती उंट एक घर तिरपा पुढें घालून वजिरावर मारा करण्याची. ती दिसतेहि सुरेख. परंतु त्यावर काळ्याचा दुसरा उंट धांवून येतो आणि पांढऱ्याच्या उंटाला त्याच्या राजाशीं जखडून टाकतो. मग ज्या उंटानें वजिराला मारावयाचें त्याला हलतांच येत नाहीं. पांढरा घाईघाईनें आपला वजीर मदतीस आणतो. काळा उंटानें उंट मारतो. पांढऱ्यानें तो वजिरानें परत मारला तर काळ्याचा वजीर एक घर तिरपा सरकून शेवटच्या ओळींत जातो, आणि आठव्या चालीला पांढऱ्यावर मात होते. घोड्यानें मारला तर कोपऱ्यांतला हत्ती शहासकट जातो. पंधरा-वीस सेकंदांत एक डाव संपला!

आणि एवढें सगळें टाळण्यास लागत होतें काय? सहाव्या चालीला उंटाऐवजीं वजिराच्या बाजूचा घोडा उंटाच्या प्याद्यापुढें काढावयाचा, बस्स. मधलीं घरें मोकळीं झाल्यामुळें कोपऱ्यांतल्या हत्तीला वजिराचा जोर आपोआप मिळतो. पुढल्या चालीला तोच हत्ती एक घर सरकून काळ्याच्या वजिरावर चालून जातो. आणि एकटाच लुटीस निघालेला तो वजीर जीव घेऊन पळूं लागतो. म्हणजे ही सुरुवात खरी नाहीं. योग्य उत्तर मिळाल्यास तिचा टिकाव लागत नाहीं. मान हलविणाऱ्या वृद्धाचें म्हणणें एवढेंच असतें. परंतु साडेसात सेकंदांत तो घोडा सुचला पाहिजे, हें तरुणाचें म्हणणेंहि खोटें नाहीं.

अशा साहसाला आपल्या देशाचाहि एक इतिहास आहे. देशी पद्धतीच्या खेळांत प्यादें सामान्यतः एकच घर चाले. त्यामुळें दोन्ही सैन्यांची गांठ पडण्यास वेळ लागे आणि प्रारंभींच प्यादें देऊन धडक मारण्यास वाव थोडा असे. विलायती पद्धति आली आणि दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच तलवारी भिडूं लागल्या. १८४८ सालीं कलकत्त्यास जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर आणि महेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ यांच्यांत झालेल्या एका डावांत कॉक्रेननें चौथ्याच चालीला एक अघोरी प्रकार केला. त्याच्या घोड्यावर काळ्याच्या प्याद्याचा रोख होता; मागें फिरणें हा सरळ मार्ग. कॉक्रेननें घोडा मागें न घेतां राजाच्या उंटासमोरच्या प्याद्यावर घातला आणि राजाकडून तो मारून घेतला. एका घोड्याच्या मोबदल्यांत दोन प्यादीं, आणि किल्लेकोटाला कायमचा मुकलेला, उघड्यावर आलेला प्रतिपक्ष्याचा राजा! ही सुरुवात आजहि कॉक्रेनच्याच नांवानें ओळखली जाते. १९९९ सालीं लिनारेसच्या स्पर्धेंत व्हेसेलिन टोपालोव्हनें ती क्रामनिकसारख्या बलाढ्य खेळाडूवर टाकून डाव बरोबरींत सोडविला. दीडशें वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांत एका पटावर पेरलेलें बी इतक्या काळानंतर स्पेनमध्यें उगवलें, यावरून एवढें खास दिसतें कीं, विचित्र चाल म्हणजे वेडगळ चाल नव्हे.

मग विचित्र आणि वेडगळ यांतील सीमा कोठें आहे? ती दाखविण्यास साताऱ्याच्या मातीइतकें चांगलें ठिकाण नाहीं. १६५९ सालीं अफझलखान वाईस येऊन राहिला, तेव्हां मोकळ्या मैदानांत त्याच्या फौजेशीं सामना देणें म्हणजे त्याच्या सोयीचा डाव खेळणें होतें. शिवाजीमहाराजांनीं तो डाव नाकारला. आपण भ्यालों आहों असें त्यांनीं भासविलें, वाईचें मैदान खानाकडे राहूं दिलें, आणि त्याला जावळीच्या दाट रानांत प्रतापगडाच्या पायथ्याशीं येण्यास उद्युक्त केलें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं काय झालें तें मराठी मुलामुलांस ठाऊक आहे. परंतु त्या विजयाचें वर्णन करतांना भेटीचा तो एक क्षणच बहुधा सांगितला जातो. त्यामागची तयारी मागें पडते. जावळी १६५६ पासून महाराजांच्या हातीं होती. तेथली प्रत्येक खिंड, प्रत्येक पाऊलवाट त्यांच्या माणसांच्या पायाखालची होती. रानांत फौजा दबा धरून होत्या. जें खानाला अपरिचित, तें महाराजांना अंगणासारखें होतें. स्वतः त्या भेटीस जाण्यांत प्राणसंकट होतें, यांत शंका नाहीं. पण तो जुगार नव्हता.

गॅम्बिट खेळणाऱ्यानें हा भेद मनावर कोरून ठेवावा. प्रतिपक्ष्याला मैदानांतून रानांत ओढणें यांत गैर कांहींच नाहीं; तो खेळाचा धर्मच आहे. मात्र तें रान आपल्या पायाखालचें असलें पाहिजे. वर सांगितलेल्या आठ चाली पाठ करणारा मुलगा रान ओळखीत नाहीं. त्याला रानांतला एकच खड्डा ठाऊक असतो. प्रतिपक्षी त्या खड्ड्याला वळसा घालून गेला कीं, दोघेहि सारखेच वाट चुकलेले, आणि त्यांतहि एकाजवळ एक प्यादें कमी!

याची उलट बाजूहि पाहिली पाहिजे. १९१८ सालीं न्यूयॉर्कमध्यें फ्रँक मार्शल या अमेरिकन खेळाडूनें कापाब्लांकावर एक नवा प्याद्याचा बळी टाकला. समोरचा पुरुष सामान्य नव्हता. कापाब्लांकानें प्यादें घेतलें, मारा सोसला, एकेक धोका शांतपणें निवारला आणि छत्तिसाव्या चालीस डाव जिंकला. कोंडाळें त्या दिवशीं हंसलें असतें तर मार्शलला हंसलें असतें. परंतु मार्शलची ती योजना मेली नाहीं. पुढें अभ्यासकांनीं ती तपासली, सुधारली, आणि आज मोठमोठे खेळाडूहि तिच्या भीतीनें आधींच वाट बदलतात. म्हणजे रोज शेंकडों झटपट डाव जिंकून देणारा एंग्लुंडचा प्रारंभ खोटा, आणि पहिल्याच महत्त्वाच्या डावांत हरलेला मार्शलचा प्रारंभ खरा! एका डावाच्या निकालावरून चालीचा खरेखोटेपणा ठरत नाहीं, हा यांतील धडा. आणि झटपट खेळाचा नाद लागलेल्या मुलाला नेमका तोच शिकावयास मिळत नाहीं, कारण जिंकलेला डाव कोणी तपासून पाहत नाहीं.

समजा, साताऱ्याचा एक होतकरू मुलगा अशाच प्रारंभांवर घरीं शेंकडों डाव जिंकून सांगलीस दीर्घ सामन्यांत खेळावयास आला. पहिल्या फेरींत त्यानें तेंच प्यादें दिलें. समोर एखादी शांत, वहींत चाल टिपून घेणारी मुलगी बसलेली आहे. ती पंचवीस मिनिटें विचार करते आणि घोडा योग्य ठिकाणीं काढते. मुलाच्या पाठांतराची शिदोरी तेथें संपली. आतां त्याला स्वतःच्या बुद्धीनें तीन तास झुंजावयाचें आहे, आणि तीन तास बसण्याची संवय तर त्यानें मोडून टाकली आहे. तो उगीच घड्याळाकडे पाहतो, ती चुकेल म्हणून वाट पाहतो. आणि ती चुकत नाहीं. हरल्याचें दुःख एका दिवसांत ओसरतें. पण प्रतिपक्ष्याच्या चुकीवर जगण्याची जी संवय त्याला लागली ती लौकर सुटत नाहीं; आणि ती पटापुरती राहीलच असाहि नेम नाहीं. आईबापांनीं जपावयाचें तें या संवयीला.

याचा अर्थ असा मुळींच नव्हे कीं, मुलांना साहस करूं देऊं नये. बुद्धिबळांतील सौंदर्याचा मोठा भाग बलिदानांतच आहे. १८५१ सालीं लंडनमध्यें अँडरसननें किझेरित्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीरहि देऊन मात केली. तो डाव ‘अमर डाव’ म्हणून सर्वतोमुखीं झाला, आणि तो स्पर्धेंतला डाव नव्हता, फावल्या वेळीं सहज खेळलेला होता. मिखाइल ताल हा असल्या साहसाचा राजाच. १९८८ सालीं कॅनडांतील सेंट जॉन येथें झालेली जागतिक ब्लिट्झ स्पर्धा त्यानें एकावन्नाव्या वर्षीं जिंकली. मात्र त्याच्या धाडसामागें जगज्जेत्याची विद्या होती.

तेव्हां कांहीं साधीं पथ्यें सांगण्यासारखीं आहेत. प्यादें देणाऱ्यानें आधीं स्वतः प्रतिपक्ष्याच्या बाजूला बसावें आणि आपल्या चालीला सर्वांत कठीण उत्तर कोणतें तें शोधावें. तें सांपडल्यावरहि आपल्यापाशीं खेळण्याजोगें कांहीं उरत असेल, मोहरीं मोकळीं राहत असतील, राजा सुरक्षित राहत असेल, तरच ती सुरुवात आपली म्हणावी. जिंकलेले डाव हरलेल्या डावांहून अधिक काळजीनें तपासावे. आणि ज्या चालीचें समर्थन केवळ ‘त्याला वेळ नव्हता’ एवढेंच असेल, ती दीर्घ डावांत कधींहि खेळूं नये.

घेणाऱ्यालाहि पथ्य आहे. अनपेक्षित चाल आली कीं हात आंखडावा आणि तेथेंच वीस-तीस सेकंद खर्चावे. पुढचीं चार मिनिटें त्यांतूनच वांचतात. ‘याला काय हवें आहे?’ हा एक प्रश्न मनाशीं विचारावा. प्यादें घेण्यास भिऊं नये, पण घेतलेल्या प्याद्याला कवटाळून बसूं नये. मोहरीं बाहेर काढण्यास उपयोग होत असेल तर तें योग्य वेळीं परत करावें. पुष्कळसे गॅम्बिट फसतात ते असे, घेतलेलें हंसतमुखानें परत देणाऱ्यापुढें.

बॉबी फिशरला १९६० सालीं मार देल प्लाता येथें स्पास्कीनें राजाच्या गॅम्बिटनें हरविलें. फिशर चिडला, अभ्यासाला बसला, आणि त्या प्रारंभाचा खोटेपणा आपण सिद्ध केला असा लेख त्यानें १९६१ सालीं लिहिला. गंमत पुढेंच आहे. दोनच वर्षांनीं त्यानें तोच प्रारंभ, एका निराळ्या वाटेनें, स्वतः खेळून डाव जिंकला. पराभवानें त्याला रान सोडावयास लाविलें नाहीं. रान ओळखावयास लाविलें.

कोपऱ्यांतल्या त्या पटापाशीं मान हलविणारा वृद्ध आणि हंसणारा तरुण यांचा वाद येथें मिटूं शकतो. वृद्धानें एकदां खालीं बसून त्या मुलाबरोबर पांच मिनिटांचा डाव खेळावा आणि घड्याळ हेंहि पटावरचें एक मोहरेंच झालें आहे, हें मान्य करावें. तरुणानें डाव संपल्यावर घड्याळ बाजूला सारून, त्याच सुरुवातीचीं मोहरीं पुन्हा मांडून, वृद्धाला विचारावें, ‘आजोबा, तुम्हीं काय खेळला असतां?’ त्यानंतरच्या अर्ध्या तासांत त्याला जें मिळेल, तें शंभर झटपट विजयांत मिळणार नाहीं.